जांभ्यात गॉथिक का नाही? एका चुकलेल्या वाक्यामागचा इतिहास

गेल्या वर्षी माझ्या प्रगती-अहवालाच्या सादरीकरणात एक स्लाइड होती. डावीकडे पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा फोटो, उजवीकडे जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूचा. खाली एकच ओळ: 'जांभा हा कमकुवत दगड असल्यामुळे कोकण-गोव्यात गॉथिक शैली रुजली नाही.' ही ओळ मला फार आवडली होती. एका वाक्यात दगड, इतिहास आणि माझा विषय, तिन्ही आले असं वाटत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी चष्मा वर केला आणि दोनच प्रश्न विचारले. "कमकुवत म्हणजे किती? आणि गॉथिक म्हणजे नेमकं काय?"

माझ्याकडे आकडाही नव्हता आणि व्याख्याही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, प्रस्तावनेतलं एक वाक्य, त्याचं एवढं काय? मलाही तसंच वाटलं होतं. मी मूळची भौतिकशास्त्राची. पीएच.डी.चा विषय जांभ्या दगडात पाणी मुरलं की त्याची ताकद कशी बदलते हा. रत्नागिरीत चिऱ्याची घरं, चिऱ्याची कुंपणं, चिऱ्याच्याच विहिरी. त्यामुळे नमुन्यांना तोटा नाही. चर्च मी फक्त सुरुवात भारदस्त दिसावी म्हणून घेतली होती. पण ते वाक्य तपासायला गेले आणि दोन महिने मध्ययुगीन युरोपात अडकले. तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहितायत, त्यांच्यासाठी त्या दोन महिन्यांचा हा हिशेब.

आधी आकडा, कारण तो सोपा होता आणि त्यानेच माझं वाक्य पहिल्या दिवशी मोडलं.

जुन्या गोव्यात मोंते सांतो नावाच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष आहेत. चर्चचं बांधकाम १५९७ ते १६०२ या काळातलं. आज त्याच्या एका मनोऱ्याचा भाग उभा आहे. हा मनोरा मुळात सुमारे ४६ मीटर उंच आणि सगळा जांभ्याचा. जांभ्याची घनता ढोबळमानाने घनमीटरला २००० किलो धरा. ४६ मीटर उंच सरळ भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब किती? उंची गुणिले घनता गुणिले ९.८. उत्तर येतं साधारण ०.९ मेगापास्कल. बांधकामाच्या जांभ्या चिऱ्यासाठी भारतीय मानक किमान ३.५ मेगापास्कल मागतं. मनोऱ्याला खिडक्या आहेत, तिथे दाब वाढतो. दुप्पट धरा. तरी चिरा शाबूत राहतो.

म्हणजे नुसत्या वजनाने जांभा चिरडत नाही. कमकुवत आहे, पण ज्या अर्थाने मी म्हणत होते त्या अर्थाने नाही. मग उरला दुसरा प्रश्न, गॉथिक म्हणजे काय. इथे मात्र खूप मागे जावं लागतं.

ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात चौथ्या शतकात मोकळीक मिळाली. मोठ्या प्रार्थनास्थळांची गरज पडली तेव्हा त्यांनी नमुना घेतला तो देवळाचा नव्हे, तर बॅसिलिकाचा. बॅसिलिका म्हणजे रोमन लोकांची कचेरी, न्यायनिवाड्याची आणि व्यवहाराची लांबलचक इमारत. मधलं दालन उंच, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यापलीकडे बुटकी दालनं, आणि वर लाकडी छप्पर. रोममधलं सांता सबिना हे पाचव्या शतकातलं चर्च आजही बरंचसं तसं दिसतं. आपल्याकडच्या माणसाला ही रचना परकी वाटू नये. वर लाकडी वासे आणि त्यांना ताणून धरणारी आडवी तुळई, हे आपल्या कौलारू घराचंच तत्त्व. छप्पर हलकं, भिंतींवर फक्त सरळ खाली जाणारं वजन. भिंत बारीक असली तरी चालते.

अडचण आगीची. मेणबत्त्या, विजा, लढाया. लाकडी छप्पर जळतं आणि कोसळताना खालचं सगळं घेऊन जातं. शिवाय दगडी छताखाली गायन घुमतं, ते वेगळंच. दहाव्या-अकराव्या शतकात पश्चिम युरोपात जागोजागी दगडी छतं घालायला सुरुवात झाली. लाकडी छप्पर गेलं नाही; ते पाऊस अडवायला वर राहिलं, आणि त्याच्याखाली दगडाचं दुसरं छत आलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये नोत्र दामला आग लागली तेव्हा टीव्हीवर जळताना दिसत होतं ते हे वरचं लाकूड. खालचं दगडी छत काही ठिकाणी फुटलं, पण बरंचसं टिकलं, आणि म्हणून आतलं चर्च वाचलं. आठशे वर्षांपूर्वी केलेल्या तरतुदीची ही परीक्षाच म्हणायची.

दगडी छताचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे अर्धगोल बोगदा. रत्नागिरीहून मुंबईकडे रेल्वेने जाताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो डोळ्यांसमोर आणा. बोगद्याच्या छताला एक सोय असते, दोन्ही बाजूंना डोंगर. तो डोंगर काढून घ्या आणि तेच छत दोन उंच भिंतींवर ठेवा. काय होईल? गुळगुळीत फरशीवर शिडी भिंतीला टेकवून ठेवल्यावर तिचा पाय जसा बाहेर सरकतो, तसे छताचे दोन्ही पाय बाहेर सरकू बघतील. कमान नुसतं खाली दाबत नाही, ती बाजूलाही रेटते. या आडव्या रेट्यावर उपाय काय, हाच प्रश्न पुढची दोनशे वर्षं गवंड्यांच्या डोक्यात होता, असं मी म्हणेन. इतिहासकार इतकं सरसकट म्हणणार नाहीत. त्यांच्या मते प्रकाश, धर्मविचार, राजसत्ता, पैसा हे सगळं त्यात आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मी भौतिकशास्त्राची असल्याने मला रेटा आधी दिसतो.

पहिलं उत्तर: भिंत जाड करा. खिडक्या लहान ठेवा, कारण प्रत्येक खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भगदाड. आत अंधार, बाहेरून किल्ल्यासारखं रूप. या काळाला रोमनेस्क म्हणतात. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचं तिसरं चर्च १०८८ मध्ये सुरू झालं. त्याचं दगडी छत जमिनीपासून तीस मीटरच्या आसपास. ११२५ मध्ये त्या छताचा एक भाग कोसळला. पुढे असे अपघात वारंवार भेटतात, आणि त्यातूनच गवंडी शिकत गेले. त्यांच्याकडे बलाची समीकरणं नव्हती, कागदावरचा हिशेब नव्हता. त्यांचा प्रयोग म्हणजे इमारत आणि निष्कर्ष म्हणजे ती उभी राहते की नाही.

दुसरी युक्ती: एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन बोगदे. मग वजन सगळ्या भिंतीवर पसरत नाही, चार कोपऱ्यांत गोळा होतं. मधली भिंत मोकळी होते. तिसरी युक्ती: जिथे हे बोगदे छेदतात त्या तिरक्या कडांवर आधी दगडी फासळ्या बांधायच्या आणि मग मधली जागा पातळ दगडाने भरायची. इंग्लंडमधल्या डरॅम कॅथेड्रलचा पाया १०९३ मध्ये घातला आणि ११३३ पर्यंत तिथे अशी फासळ्यांची छतं झाली. चौथी युक्ती, टोकदार कमान.

इथे थांबा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात 'टोकदार कमान म्हणजे गॉथिक' असं पक्कं बसलेलं असतं. माझ्याही होतं. पण कैरोच्या इब्न तुलून मशिदीत टोकदार कमानी नवव्या शतकातल्या आहेत, गॉथिकच्या अडीचशे वर्षं आधीच्या. क्लुनीच्या त्याच रोमनेस्क चर्चमध्येही त्या होत्या. आणि आपल्या जिल्ह्यात दाभोळला खाडीकाठी आदिलशाही काळातली अंडा मशीद आहे, तिच्या कमानी टोकदारच आहेत. तिला कोणी गॉथिक म्हणत नाही. तेव्हा एखादं लक्षण दिसलं की लगेच शैलीचं नाव चिकटवायचं, हे चालत नाही.

टोकदार कमानीचा फायदा काय, तर दोन. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते. रुंदीच्या निम्मी, बस्स. टोकदार कमान मात्र रुंदी तीच ठेवून उंच किंवा बुटकी करता येते. त्यामुळे आयताकृती जागेवर, लांब आणि आखूड बाजूंच्या कमानी एकाच उंचीला आणता येतात. गवंड्याला हा फायदा सगळ्यात मोठा वाटला असावा. दुसरा फायदा म्हणजे आडवा रेटा कमी होतो. किती कमी, हे मी स्वतः काढायला बसले. समान वजन पसरलेल्या कमानीचं पाठ्यपुस्तकातलं सूत्र वापरलं: रेटा हा उंचीच्या व्यस्त प्रमाणात. अर्धगोलाऐवजी समभुज त्रिकोणावर बेतलेली टोकदार कमान घेतली तर रेटा ४२ टक्क्यांनी घटतो. मी खूश. दोन दिवसांनी आंघोळ करताना लक्षात आलं की उंच कमानीला दगडही जास्त लागतो. कंसाची लांबी मोजली तर नेमकी एक तृतीयांश जास्त. ते वजन त्याच्या जागी धरून पुन्हा मांडलं, तेव्हा घट निघाली साधारण २७ टक्के. हाही कच्चाच हिशेब आहे, कारण खऱ्या छताला जाडी असते आणि पायथ्याशी भराव असतो. तरी पाव हिस्सा रेटा कमी होणं म्हणजे थोडं नाही.

या सगळ्या युक्त्या सुट्या सुट्या आधीपासून होत्या. त्या एकत्र आल्या पॅरिसजवळ साँ दनीच्या मठात. मठाधिपती सुजे याने चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचा अभिषेक झाला. फासळ्या, टोकदार कमानी, बारीक खांब, आणि खांबांमध्ये भिंतीऐवजी रंगीत काच. साधारणपणे गॉथिकची सुरुवात इथून मोजतात. त्यानंतर आली खरी धाडसाची गोष्ट, फ्लाइंग बट्रेस. म्हणजे भिंतीला चिकटलेला टेकू सोडून द्यायचा; तो बाजूच्या दालनाच्या पलीकडे, उघड्यावर उभा करायचा, आणि हवेतून अर्धी कमान टाकून मुख्य छताचा रेटा त्याच्यापर्यंत न्यायचा. घराचा सांगाडा अंगणात काढून ठेवल्यासारखं. आता भिंतीला करायला काहीच उरत नाही, तिथे हवी तेवढी काच लावा.

मग उंचीची शर्यतच लागली. ११६३ मध्ये सुरू झालेल्या नोत्र दामचं छत ३३ मीटरच्या आसपास. ११९४ च्या आगीनंतर उभारलेल्या शार्त्रचं ३७. १२२० ला सुरू झालेल्या आमियाँचं ४२. बोव्हेच्या लोकांनी ४८ मीटर गाठले आणि १२८४ मध्ये तिथलं छत कोसळलं. दुरुस्तीत मधेमधे आणखी खांब घालावे लागले. पुढे त्याच चर्चवर दीडशे मीटरहून उंच मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये पडला. बोव्हे आजही अर्धवट आहे. मधलं लांब दालन कधी झालंच नाही.

इथवरची गोष्ट कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. पण मला खरी गंमत पुढे वाटली, कारण ती संशोधनाची आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक नावाचा वास्तुविशारद होता. पडझड झालेली अनेक मध्ययुगीन चर्च त्याने दुरुस्त केली आणि फ्रेंच वास्तुकलेचा एक प्रचंड कोश लिहिला. त्याचं म्हणणं असं की गॉथिक इमारत म्हणजे शुद्ध तर्क. फासळ्या भार वाहतात, मधला पातळ दगड त्यांच्यावर टेकलेला असतो, प्रत्येक भागाला काम आहे. हे इतकं पटण्यासारखं होतं की दोन-तीन पिढ्यांनी ते तसंच शिकवलं. १९३४ मध्ये पोल अब्राहम याने प्रश्न विचारला: फासळ्या खरंच भार वाहतात का? पहिल्या महायुद्धातल्या तोफा-बाँबमुळे काही चर्चमध्ये फासळ्या गळून पडल्या होत्या आणि छत मात्र जागेवर होतं. मग फासळी कशाला? बांधताना सोय व्हावी म्हणून? सांध्यावरची खडबडीत रेष झाकायला? की डोळ्यांना ओळी दिसाव्यात म्हणून? वाद जोरात झाला.

याचं उत्तर नुसत्या चर्चेने निघणारं नव्हतं. १९६६ मध्ये केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी दगडी सांगाड्यावर एक निबंध लिहिला. त्यांची गृहीतकं तीनच: दगडी बांधकाम ताण सहन करत नाही, दाबाच्या बाबतीत दगड कधी फुटतच नाही असं समजा, आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत. मधलं गृहीतक वाचून मी खुर्चीत सरळ बसले. दगड फुटतच नाही असं समजा? पण कारण स्पष्ट होतं. या इमारतींत दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या अगदी लहान हिश्शाएवढा असतो. म्हणून इमारत पडते ती दगड चिरडून नव्हे, आकार चुकल्यामुळे. रेट्याची रेषा दगडाच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की बिजागरीसारखा सांधा उघडतो आणि पुरेसे सांधे उघडले की कमान घडीच्या खुर्चीसारखी मिटते. रॉबर्ट हुक यांनी १६७५ मध्येच याचं बीज सांगितलं होतं: दोन टोकांना धरून लोंबणारी साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो.

बघा, माझा ०.९ मेगापास्कलचा आकडा हेच सांगत होता. मी ताकद मोजत बसले होते आणि गोष्ट भूमितीची होती.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टनला रॉबर्ट मार्क यांनी दुसरी वाट धरली. गॉथिक चर्चच्या आडव्या छेदाचे प्लॅस्टिकचे नमुने करायचे, त्यांना प्रमाणात वजनं टांगायची, गरम करून थंड करायचं म्हणजे आतला ताण गोठून राहतो, आणि मग ध्रुवित प्रकाशात बघायचं. ताण जिथे जास्त तिथे रंगीत पट्टे दाटीने दिसतात. एम.एस्सी.च्या लॅबमध्ये फोटोइलॅस्टिसिटीचा प्रयोग मी कंटाळत केला होता. तोच प्रयोग कोणी शार्त्रवर करील असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्यातून दिसलेली एक गोष्ट म्हणजे वाऱ्याचं महत्त्व. उंच भिंत आणि तिच्यावरचं उभट छप्पर वारा झेलतं, आणि बट्रेसच्या वरच्या ओळीचं काम मुख्यतः तो वाऱ्याचा रेटा पेलण्याचं. म्हणजे व्हियोले-ल-द्युक काही बाबतींत चुकला, अब्राहमही सगळा बरोबर नव्हता. फासळी काही परिस्थितीत भार घेते, काहीत घेत नाही. प्रश्न 'हो की नाही' असा विचारला होता, म्हणून तीस-चाळीस वर्षं घोळ चालला.

नावांचाही घोळ आहे, तो थोडक्यात. 'गॉथिक' हे नाव त्या बांधणाऱ्यांनी दिलेलं नाही. सोळाव्या शतकात इटलीतल्या व्हाझारीसारख्या लेखकांनी ही रानटी गॉथ लोकांची पद्धत म्हणून तिला हिणवलं. गॉथांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. 'रोमनेस्क' तर त्याहून अलीकडचं, १८१८ च्या सुमाराचं. दोन्ही नावं इमारती उभ्या राहिल्यानंतर शेकडो वर्षांनी आली आणि मी ती स्लाइडवर अशी वापरली होती, जशी काही बाराव्या शतकातला गवंडी सकाळी उठून 'आज गॉथिक बांधू' म्हणत होता.

एवढं वाचून झाल्यावर मी रत्नागिरीहून करमळीचं तिकीट काढलं. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी जवळ. फोटो बघून वाक्य लिहिलं होतं, आता इमारत बघून ते तपासायचं होतं.

मोंते सांतोवरच, ऑगस्टीनच्या अवशेषांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, रोझरीचं छोटं चर्च आहे. १५४४ ते १५४९ चं. बाहेरून बुटकं, पांढरं, गोल बुरुजांचं. लांबून किल्ल्याची चौकीच वाटते. दगडात कोरलेले दोरखंडासारखे पट्टे, ही पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीची खूण. पोर्तुगालमधलं हे गॉथिकचंच शेवटचं वळण. आणि आत मान वर केली तर छताला फासळ्या! डरॅमला अकराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली तीच गोष्ट, साडेचारशे वर्षांनी, जांभ्याच्या टेकडीवर. तिथून खाली उतरून से कॅथेड्रलमध्ये गेले. १५६२ ला सुरू झालेली ही भव्य इमारत. मधल्या दालनावर अर्धगोल बोगद्याचं छत, पण दोन दालनं छेदतात त्या चौकावर पुन्हा फासळ्यांचं छत.

म्हणजे 'गॉथिक रुजलं नाही' हे वाक्यही चुकलंच. तंत्र आलं होतं. आलं नव्हतं ते त्याचं पूर्ण रूप: काचेच्या भिंती, आकाशात घुसणारी उंची, हवेतून जाणारे टेकू. ते का नाही आलं, याची माझ्या आजच्या समजुतीप्रमाणे तीन कारणं आहेत आणि जांभ्याची ताकद त्यात शेवटी येते.

पहिलं काळ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा युरोपातच गॉथिकची हवा ओसरत होती. पुढच्या शंभर वर्षांत जी मोठी चर्च झाली ती त्या वेळच्या नव्या, रोमन वळणाच्या शैलीत. कोणीही घर बांधताना आजोबांच्या काळची फॅशन शोधत नाही. दुसरं पाऊस आणि ऊन. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गोव्यातही साधारण तसाच. उघड्यावर टांगलेल्या दगडी कमानींचे चुन्याचे सांधे चार महिने असा मारा खात राहिले तर काय होईल, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा. आणि उत्तर फ्रान्सच्या ढगाळ हवेत भिंतभर प्रकाश हवासा वाटतो. मे महिन्यात आपल्याला हवी असते सावली. बॉम जेझूच्या मधल्या दालनावर दगडी छत नाहीच. लाकडी छत, वर कौलं, जाड भिंती. सांता सबिनाची जुनीच युक्ती, आणि आपल्या घरांचीही.

तिसरं जांभा, पण वेगळ्या कारणाने. खाणीतून ताजा काढला तेव्हा तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. चिरा पाडायला उत्तम. पण तो सच्छिद्र, ठिसूळ, डागडागांचा. त्याच्यातून मनगटाएवढी फासळी किंवा खिडकीतली दगडी जाळी काढायला जा, कडा हातात येते. बॉम जेझूच्या दर्शनी भागावर जिथे बारीक कोरीवकाम हवं होतं तिथे वसईहून आणलेला काळा दगड वापरला आहे. १५९४ ते १६०५ मध्ये बांधणाऱ्यांना आपल्या दगडाची मर्यादा माझ्यापेक्षा नेमकी माहीत होती. मी 'कमकुवत' म्हणून मोकळी झाले. त्यांनी कुठे कोणता दगड हे ठरवून वसईपर्यंत जहाज पाठवलं. (साळगावचं पांढरंशुभ्र गॉथिक चर्च बघून कोणी मला अडवेल म्हणून सांगते: ते १८७३ चं, म्हणजे मुंबईतल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखं गॉथिकच्या पुनरुज्जीवनाच्या लाटेतलं. त्याची गोष्ट वेगळी.)

ऑगस्टीनच्या अवशेषांत मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये दगडी छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. वर्षं नीट बघा. दोनशे चाळीस वर्षं जे छत उभं होतं ते सोडून दिल्यावर सात पावसाळ्यांत खाली आलं. जांभा तोच, भूमिती तीच. बदललं काय असेल? छपराची डागडुजी थांबली, गिलावा गेला, दगडात पाणी मुरत राहिलं. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण माझा प्रबंध त्या दिवशी बदलला. कोरड्या चिऱ्याची ताकद किती, या आकड्याला तिथे फारसा अर्थ नव्हता. भिजलेला, सुकलेला, पुन्हा भिजलेला चिरा कसा वागतो, हे मोजायला हवं होतं.

आणि हे नुसतं जुन्या अवशेषांपुरतं नाही. बॉम जेझूवरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून त्याचा लाल दगड उघडा आहे. पर्यटकांना तेच रूप अस्सल वाटतं, माझ्या स्लाइडवरही तोच फोटो होता. बांधणाऱ्यांनी मात्र ती भिंत उघडी ठेवलेली नव्हती. आजूबाजूची पांढरी चर्च त्याची साक्ष देतात. गिलावा पुन्हा करावा की सवयीचं रूप जपावं, यावर गोव्यात गेली काही वर्षं वाद चालू आहे. दरम्यान दर जूनमध्ये पाऊस त्या दगडावर थेट पडतो.

पुढच्या सादरीकरणात मी ती स्लाइड ठेवली, फोटोही तेच ठेवले. खालची ओळ काढून तिथे ऑगस्टीनच्या छताची दोन वर्षं लिहिली, १६०२ आणि १८४२, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मॅडमनी या वेळी विचारलं, "भिजवण्याची किती आवर्तनं करणार?" मी म्हटलं, पंचवीस. त्या म्हणाल्या, कमी आहेत.

सध्या लॅबच्या व्हरांड्यात चिऱ्याचे बारा तुकडे बादल्यांमध्ये बुडवून ठेवलेत. शिपाईकाका रोज विचारतात, ताई, दगड शिजला का? चाळिसावं आवर्तन गुरुवारी संपतंय. दाबयंत्र सोमवारी मोकळं मिळालं तर पहिले तीन फोडणार आहे.